कोळंबीतल्या व्हिब्रिओवर लवंगेचे तेल चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीत छोटे युनिट आहे. मिरकरवाडा बंदरावरची कोळंबी सोलून, धुऊन, मसाला लावून थंड पाकिटांतून मुंबई-पुण्याच्या दुकानांना जाते. मागच्या तपासणीत व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जुलाब लावणारा जंतू निघाला. कोणीतरी सल्ला दिला, की धुण्याच्या पाण्यात लवंगेचे नाहीतर ओव्याचे तेल घाला. जंतू मरतील, क्लोरिन बंद करता येईल आणि पाकिटावर ‘केमिकल फ्री’ छापता येईल. पुढेमागे युरोपला माल पाठवायचाही विचार आहे. तर हे करावे का?

धुण्याच्या पाण्यात घालू नका. मसाल्यात घालायचा विचार जरूर करा, पण बर्फ आणि पाणी ताळ्यावर आल्यानंतर. क्लोरिन बंद करायचा विषय तर सध्या काढूच नका. तेल फुसके आहे असे माझे म्हणणे नाही. तेल जंतू मारतेच. फक्त काचेच्या नळीत मारते तेवढे कोळंबीच्या अंगावर मारत नाही, आणि तुमची अडचण जिथे सुरू होते तिथे तेलाचा हात पोचत नाही.

आधी तेल नेमके काय करते ते पाहू. लवंगेच्या तेलात साधारण ७० ते ९० टक्के युजेनॉल असते. ओव्याच्या तेलात थायमॉल, म्हणजे आपण ओव्याचे फूल म्हणतो ते. ओरेगॅनोत कार्व्हाक्रॉल, दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, गवती चहात सिट्रल. यांतले पहिले तीन फिनॉल जातीची रसायनेच आहेत, त्यामुळे ‘केमिकल फ्री’ छापण्याआधी जरा थांबा. या सगळ्यांना पाण्यापेक्षा स्निग्धात राहणे आवडते. जंतूच्या पेशीचे आवरण स्निग्धच असते. हे रेणू त्यात घुसतात, आवरण सैल पडते, आतले पोटॅशियम आणि एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, गळू लागते आणि पेशीला ऊर्जा तयार करणे जमत नाही. प्रमाण कमी असेल तर वाढ नुसती थबकते, पुरेसे असेल तर पेशी मरते. ‘थबकली’ आणि ‘मेली’ यांतला फरक लक्षात ठेवा, पुढे लॅबच्या बाबतीत तो महत्त्वाचा ठरतो.

सगळे जंतू सारखे दबत नाहीत. लिस्टेरियासारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंना बाहेरचे दुसरे आवरण नसते, ते लवकर सापडतात. व्हिब्रिओ, साल्मोनेला, ई. कोलाय यांना ते असते, त्यामुळे ते थोडे दमदार. तरी थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल त्या बाहेरच्या आवरणालाही खिंडार पाडतात. सर्वांत चिवट स्युडोमोनास. बर्फातली मासळी नासवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. म्हणून कधीकधी असे होते, की रोगजंतू कमी झालेले दिसतात, पण माल टिकायचा तितकेच दिवस टिकतो आणि मालक म्हणतो, तेलाचा काही उपयोग झाला नाही.

तेलाचा जो गुण तीच त्याची अडचण. स्निग्धाकडे ओढ असल्यामुळे मासळीत चरबी असली की तेल जंतूकडे जाण्याऐवजी चरबीत जाऊन बसते. याचे चांगले उदाहरण डेन्मार्कचे आहे. तिथे मेजलहोम आणि डालगार्ड या संशोधकांनी २००२ मध्ये वायू भरलेल्या पाकिटांतल्या कॉड माशाच्या तुकड्यांवर ०.०५ टक्के ओरेगॅनो तेल वापरले. २ अंश सेल्सिअसला जो कॉड ११-१२ दिवस टिकायचा तो २१ ते २६ दिवस टिकला, कारण त्या पाकिटांत मासा नासवणारा फोटोबॅक्टेरियम फॉस्फोरियम तेलाने रोखला. हेच तेल सॅमनवर लावले तेव्हा टिकण्याचे दिवस वाढले नाहीत. कॉडमध्ये चरबी नगण्य, सॅमन तेलकट. आपल्याकडे लावून पाहायचे तर कोळंबी आणि म्हाकूळ कॉडच्या बाजूला, बांगडा आणि तारली सॅमनच्या बाजूला. कोळंबीत चरबी फार कमी असते, ही तुमच्या जमेची बाजू. उद्या कोणी बांगड्याच्या फिलेटसाठी हाच प्रयोग सुचवला तर तिथे अपेक्षा कमी ठेवा.

चरबीखेरीज प्रथिनेही तेल अडकवून ठेवतात. सिनॅमाल्डिहाइड तर प्रथिनांच्या अमाइन गटांशी सरळ जोडलेच जाते, मग जंतूसाठी उरते काय? संशोधक सारा बर्ट यांच्या २००४ च्या आढाव्यात आकडे एकत्र दिले आहेत: प्रयोगशाळेतल्या द्रवात मिलिलिटरला ०.२ ते १० मायक्रोलिटर तेल पुरते, खाद्यपदार्थात मात्र परिणाम दिसायला ग्रॅमला ०.५ ते २० मायक्रोलिटरपर्यंत जावे लागते. २० मायक्रोलिटर म्हणजे २ टक्के. २ टक्के लवंगेचे तेल लावलेली कोळंबी कोणी तोंडात घेणार नाही. दातदुखीवर लवंगेचा बोळा धरल्यासारखी जीभ बधिर होईल. तेल विकणारा जो ‘९९ टक्के जंतू मारते’ असा कागद दाखवतो, तो बहुधा नळीतल्या चाचणीचा असतो. त्याला विचारा, कोणत्या मासळीवर, किती अंशांवर, किती वेळ?

आता धुण्याच्या पाण्याकडे वळू. तेल पाण्यात विरघळत नाही. लवंगेचे तेल पाण्यापेक्षा जड, घनता १.०४ च्या पुढे, त्यामुळे ते टाकीच्या तळाशी जाऊन बसते. ओव्याचे हलके, ते वर तरंगते. एक क्रेट बुडवला तर जवळजवळ कोरे पाणी लागते, दुसऱ्याला गोळाभर तेल लागते. एकाच खेपेतल्या एका पाकिटाला काही वास नाही आणि दुसरे उघडताच दवाखान्यात आल्यासारखे वाटते, अशा तक्रारी यातूनच येतात. ते टाळायला इमल्शन, म्हणजे तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरवलेले मिश्रण, करावे लागते. तेल-पाणी एकत्र धरणारे पॉलिसॉर्बेट किंवा लेसिथिन घालून, उच्च दाबाच्या होमोजिनायझरने किंवा अल्ट्रासाउंडने थेंब २०० नॅनोमीटरच्या खाली आणले तर तेल समान पसरते आणि कमी प्रमाणात काम होते. यावर भारतातही पुष्कळ संशोधन चालू आहे. पण पॉलिसॉर्बेट जास्त झाले की तेल त्याच्याच कणांत कोंडले जाते आणि जंतूपर्यंत पोचत नाही. शिवाय ते कच्च्या मासळीच्या संपर्कात चालते की नाही, हा अन्नसुरक्षा नियमांचा वेगळा प्रश्न. छोट्या युनिटला एवढे सगळे उभे करायचे ते कशासाठी? टाकीत रक्त, चोथा, कोळंबीच्या डोक्यातला गर मिसळला की दुसऱ्या-तिसऱ्या क्रेटनंतर त्या पाण्यात किती तेल मोकळे उरले हे कळायला मार्ग नाही. क्लोरिनही सेंद्रिय घाणीत संपतो, पण तो पट्टीने पाच सेकंदांत मोजता येतो. मोजता येणारी गोष्ट सोडून न मोजता येणारीच्या मागे जाऊ नये.

आणि क्लोरिनचे काम मुळात कोळंबी निर्जंतुक करणे हे नाहीच. पाण्यातून एका क्रेटचे जंतू दुसऱ्या क्रेटला लागू नयेत, टेबल, सुरी, हात, गमबूट यांवरून ते फिरू नयेत, यासाठी तो असतो. ते काम तेल करू शकत नाही. टेबलांवर थायमॉलची जंतुनाशके वापरतात हे खरे, अमेरिकेत तशी नोंदणीकृत उत्पादने मिळतात. पण आपल्या शेडमध्ये रबरी गॅस्केट आणि प्लॅस्टिकचे पट्टे हा वास धरून बसतात, आणि उद्या त्याच पट्ट्यावर साधी, मसाला न लावलेली कोळंबी आली की तिलाही तो लागतो.

तुमच्या अहवालातला व्हिब्रिओ आला कुठून? तो आणायला कोणाची चूक लागत नाही. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा खाऱ्या पाण्याचाच रहिवासी. उबदार किनाऱ्यावर, खाडीत, कोळंबीच्या कवचावर आणि आतड्यात तो असतोच. साल्मोनेला सापडला असता तर मी वेगळे प्रश्न विचारले असते: पाणी कुठले, बर्फ कुठला, शेडमध्ये पाली-कावळे येतात का, कोणाला जुलाब होते का. तो समुद्राचा नव्हे, जमिनीवरून येतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस असता तर हातांवरच्या जखमा पाहायला सांगितले असते. व्हिब्रिओच्या बाबतीत मात्र प्रश्न असा, की जो थोडा होता तो एवढा वाढला कसा?

उत्तर बहुतेक वेळा तापमानात असते. हा जंतू ३७ अंशांच्या आसपास, सगळे मनासारखे असेल तर, १० मिनिटांच्या आतबाहेर दुप्पट होतो. ५ अंशांच्या खाली त्याची वाढ थांबते. मे महिन्यात बंदरापासून युनिटपर्यंत टेम्पोतला बर्फ वरच्या थरात वितळून गेला, मधल्या थरातली कोळंबी २८-३० अंशांवर राहिली असे धरा. सोयीसाठी अर्ध्या तासाला एक दुप्पट पकडू. तेलाने तुम्ही ९० टक्के जंतू मारलेत, म्हणजे दहातला एक उरला. तो एक परत दहाचा व्हायला तीन-साडेतीन दुपटी लागतात, म्हणजे पावणेदोन तास. तेलाची सगळी कमाई एका वाहतूक कोंडीत गेली. उलट हीच कोळंबी बोटीवरून उतरल्यापासून मालाइतक्याच वजनाच्या बर्फाच्या चुऱ्यात, थरावर थर अशी आली असती तर कमाई करायची वेळच आली नसती. म्हणून तेलाच्या बाटलीआधी टोचून मोजायचा एक थर्मामीटर घ्या आणि क्रेटच्या मधल्या कोळंबीत खुपसून आकडा लिहून ठेवा. बर्फ बाहेरून घेत असाल तर त्याचे पाणी वेगळे तपासून घ्या. सोलणाऱ्या बायकांसमोर ढीग किती वेळ पडून राहतो ते घड्याळ लावून पाहा. लहान ढीग आणि वारंवार बर्फ, एवढ्याने अहवाल बदललेले पाहिले आहेत. गोठवल्याने व्हिब्रिओ बराच कमी होतो, पण संपत नाही, त्यामुळे ‘फ्रीझ केले, आता चिंता नाही’ हेही धरून चालू नका. नीट शिजवल्यावर तो मरतो. तुमचे गिऱ्हाईक कोळंबी शिजवूनच खाणार आहे, म्हणून पाकिटावर ‘पूर्ण शिजवून खा’ हे ठळक हवे, आणि स्वयंपाकघरात त्याच सुरीने काकडी चिरली जाणार आहे, म्हणून पाकिटात जंतू कमीही हवेत.

आता तेलाचा खरा धोका. त्याबद्दल कमी बोलले जाते. मासळी नासली हे आपल्याला नाकाने कळते. सुगंधी तेल ते नाक झाकते, आणि नासवणाऱ्या जंतूंनाही मागे ढकलते. रोगजंतू मागे पडले नाहीत आणि फक्त वास मागे पडला, तर पाकीट छान दिसत असताना आतला माल घातक होऊ शकतो. याची दोन ठोस उदाहरणे आहेत. पहिले, व्हॅक्यूम पॅक. हवा काढलेल्या पाकिटात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचा ई प्रकार ३.३ अंशांपासूनच वाढू लागतो आणि विष तयार करतो. त्याचा वास आलाच पाहिजे असे नाही. सामान्यतः मासा आधी नासतो आणि फेकला जातो, हेच आपले संरक्षण असते. तेलाने टिकण्याचे दिवस वाढवले की ते संरक्षण जाते. म्हणून थंड, न गोठवलेल्या व्हॅक्यूम पॅकमध्ये तेल घालून ‘शेल्फ लाइफ’ लांबवायचा विचारही करू नका. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन अशा कच्च्या मासळीसाठी २४ तासांत चौरस मीटरला १०,००० घनसेंमी ऑक्सिजन आत येऊ देणारे फिल्म सुचवते, ते याच भीतीने. दुकानाच्या फ्रीजमध्ये पाकीट ८ अंशांवर राहते हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

दुसरे उदाहरण हिस्टामिनचे, म्हणजे खराब ठेवलेल्या माशात तयार होणाऱ्या आणि अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणाऱ्या विषाचे. कोळंबीला हा त्रास नाही, पण बांगडा, सुरमई, कुपा, तारली घेत असाल तर वाचा. उन्हात राहिलेल्या बांगड्यात मॉर्गनेला मॉर्गनाय वगैरे जंतू माशातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे हिस्टामिन करतात. एकदा झालेले हिस्टामिन शिजवून, गोठवून, तेलाने, कशानेही जात नाही. तेलाने जंतू मेले तरी त्यांनी सोडलेले एन्झाइम काम चालू ठेवू शकते. युरोपचा निकष नऊ नमुन्यांचा आहे: सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या वर नको, दोनच नमुने १०० ते २०० च्या मध्ये चालतात आणि २०० च्या वर एकही चालत नाही. इथे फक्त बर्फ.

आपल्याकडे बांगड्याच्या कालवणात तिरफळ घालतात, त्याचा आधार देऊन ‘आपल्या पूर्वजांना हे माहीत होते’ असे कोणी म्हणते. तिरफळाने बांगड्याचा उग्रपणा कमी लागतो आणि चव येते, त्यासाठी ते घालतात. जंतू मारायचे काम त्या कालवणात चुलीचे आहे. शिवाय तो बांगडा सकाळचाच असायचा.

कायद्याचे दोन भाग आहेत. युरोपचा विचार असेल तर बुडवण्याचा प्रश्न तिथेच संपतो. युरोपीय संघाच्या ८५३/२००४ नियमाच्या कलम ३ नुसार प्राणिज पदार्थाच्या पृष्ठभागावरचे प्रदूषण काढायला पिण्यायोग्य पाण्याखेरीज (आणि नियमात मुभा असेल तिथे स्वच्छ पाण्याखेरीज) दुसरे काही वापरायचे तर आधी त्या पदार्थाला मंजुरी लागते. गोमांसाच्या सांगाड्यांसाठी लॅक्टिक आम्लाला ती २०१३ मध्ये मिळाली. मासळीसाठी लवंगतेलाला ती नाही. निर्यात तपासणी परिषदेच्या अधिकाऱ्याने प्रोसेस फ्लो चार्टमध्ये ‘क्लोव्ह ऑइल डिप’ पाहिले तर तो नेमका हाच प्रश्न विचारणार. युजेनॉल हे माशांना भूल देण्याचेही औषध असल्यामुळे कच्च्या मालात ते सापडले तर आणखी प्रश्न निघतात. अमेरिकेत खाण्याच्या माशांवर भूल म्हणून त्याला परवानगी नाही.

मसाल्यातला स्वाद म्हणून घातले तर गोष्ट वेगळी. मग ते नैसर्गिक स्वादद्रव्य ठरते आणि लेबलवर तसे लिहावे लागते. पण भारतात स्वादासाठी वापरायला मनाई असलेल्या पदार्थांची यादी आहे, तिच्यात सॅफ्रोल, एस्ट्रागोल, बीटा-असारोन, कुमारिन आणि युजेनिल मिथाइल ईथर, म्हणजे मिथाइल युजेनॉल, हे सगळे येतात. याचा व्यवहारात अर्थ असा: तुळशीचे तेल डोळे झाकून घेऊ नका, काही तुळशींत मिथाइल युजेनॉल भरपूर असते. गोड तुळशीच्या काही जातींत एस्ट्रागोल. वेखंडाच्या तेलाला हात लावू नका, त्यात असारोन. आपल्या बाजारातली दालचिनी बहुधा कॅशिया असते, तिच्यात कुमारिन येते. ‘नैसर्गिक आहे, काय होणार’ असे म्हणून चालत नाही.

तर तुमच्या मसाला लावलेल्या कोळंबीत हे कसे बसवायचे? इथे परिस्थिती तेलाला अनुकूल आहे. कोळंबी कमी चरबीची. मसाल्यात मीठ आहे, लिंबू किंवा कोकम आहे. आणि लवंग-ओव्याचा वास गिऱ्हाईकाला खटकत नाही. पीएच खाली आला, म्हणजे आंबटपणा वाढला, की हे तेल जंतूच्या आवरणात जास्त शिरते, मिठाने आणखी मदत होते. जर्मन शास्त्रज्ञ लोथर लाइस्टनर यांनी मांडलेली अडथळ्यांची पद्धत ती हीच: थंडी, आम्ल, मीठ, तेल हे प्रत्येक अर्धवट असले तरी एकापाठोपाठ ओलांडताना जंतूची शक्ती संपते. मसाल्यात गोडेतेल भरपूर असेल तर मात्र घात होतो, सुगंधी तेल त्यातच विरून बसते. ओला मसाला ठेवा, खाद्यतेल पाकिटात नको, गिऱ्हाईक तव्यावर घालीलच. सुगंधी तेल आधी मिठात चोळून किंवा आले-लसणाच्या वाटणात जोरात फिरवून एकजीव करा, मग कोळंबीला लावा.

प्रमाण ०.०५ टक्क्यापासून सुरू करा: दहा किलो कोळंबीला ५ ग्रॅम. चमच्याने नव्हे, काट्यावर. चव पाहणाऱ्यांत ज्यांना हे माहीत नाही अशी माणसे घ्या आणि शिजवून चाखा, कारण कच्च्याचा वास आणि तव्यावरचा वास यांत फरक असतो. लवंगेपेक्षा ओवा कोळंबीला बरा जातो असे माझे मत आहे. कोळंबीची भजी आणि ओवा हे नाते जुने आहे. दोन्ही थोडे थोडे घेतले तर एकाचाच वास अंगावर येत नाही.

चाचणी करताना तीन गट लागतात, दोन नव्हे: नुसती कोळंबी, तेलाविना मसाला लावलेली, आणि तेलासह मसाला लावलेली. मधला गट वगळला तर लिंबू, मीठ आणि लसणाचे श्रेय तेलाला जाते, आणि तेल विकणारे हेच करतात. एकाच लॉटमधून माल घ्या, काही पाकिटे २ अंशांवर आणि काही ८ अंशांवर ठेवा, कारण दुकानात ८ असणार. सुरुवातीला, मग दर दोन-तीन दिवसांनी एकूण जंतू, व्हिब्रिओ, वास, रंग पाहा. रोगजंतू मुद्दाम सोडून चाचणी करायची असेल तर ती फक्त लॅबमध्ये. कल्चरची नळी युनिटच्या आवारातही येता कामा नये.

लॅबला दोन गोष्टी आवर्जून सांगा. एक, नमुन्यात सुगंधी तेल आहे, तेव्हा पातळ करण्याच्या द्रवात पॉलिसॉर्बेट ८० आणि लेसिथिनसारखा निष्प्रभ करणारा घटक घाला. नाहीतर नमुन्याबरोबर तेल प्लेटमध्ये जाते, जंतू पाकिटात जिवंत पण प्लेटवर वाढत नाहीत, आणि अहवाल सुंदर येतो. वर म्हटलेला थबकलेल्या आणि मेलेल्या जंतूंतला फरक इथे फसवतो. दोन, व्हिब्रिओसाठी द्रवात ३ टक्क्यांच्या आसपास मीठ हवे. साध्या ०.८५ टक्के सलाइनमध्ये हा समुद्री जंतू अर्धमेला होतो आणि मोजणी कमी येते. अल्कलाइन पेप्टोन या द्रवात वाढवून टीसीबीएस या व्हिब्रिओसाठीच्या खास अगरवर हिरव्या वसाहती पाहायच्या आणि तिथेच न थांबता खात्री करून घ्यायची. अगर प्लेटवर कागदी चकती ठेवून मोकळ्या वर्तुळाचा व्यास मोजणारी चाचणी तेलांसाठी जवळपास निरुपयोगी आहे. जे पाण्यात विरघळत नाही ते अगरमध्ये पसरणार कसे? शिरगावचे मत्स्य महाविद्यालय तुमच्या दारात आहे, वाशीला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र आहे. चाचणीची आखणी करायला त्यांची मदत घ्या.

तेलाचे खरे भविष्य मला दिसते ते तुमच्या उत्पादनात नव्हे, शिजवलेल्या, थेट खायच्या कोळंबीत. तिथे शिजवताना सगळे मेलेले असते आणि नंतर थंड करताना, सोलताना, भरताना लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस लागतो. हा ० अंशाच्या जवळही हळूहळू वाढतो, म्हणून फ्रीज त्याला पुरेसा अडवत नाही. अमेरिकेत २५ ग्रॅममध्ये एकही चालत नाही. गिऱ्हाईक तो माल पुन्हा शिजवणार नाही. लिस्टेरिया तेलाला लवकर दबतो, सुरुवातीची संख्या कमी असते आणि लढाई फक्त पृष्ठभागावर असते. अशा ठिकाणी कायटोसानच्या पातळ थरात थायमॉल किंवा कार्व्हाक्रॉल कोंडून लावले, तर ते हळूहळू सुटत राहते आणि एकूण कमी लागते. कायटोसान कोळंबीच्या सालांपासूनच होते, कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्याचे तंत्र विकसित केले आहे, आणि रत्नागिरीत सालांचे ढीग आहेतच. एक खबरदारी: हाच थर माशाच्या फिलेटवर दिलात तर कवचधारी प्राण्यांच्या अ‍ॅलर्जीची सूचना लेबलवर आली पाहिजे, पाकिटात कोळंबीचा तुकडाही नसला तरी.

खरेदीबद्दल. ‘दालचिनी तेल’ एवढे म्हणून मागवू नका. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड, पानाच्या तेलात मुख्यतः युजेनॉल, दोन्ही वेगळी कामे करतात आणि भावातही मोठा फरक असतो. लवंगेचेही कळीचे, देठाचे आणि पानाचे अशी तीन तेले येतात. दर लॉटबरोबर जीसी-एमएसचा, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा, अहवाल मागा आणि मुख्य घटकाचे प्रमाण खरेदीच्या अटीत लिहा. तेल अन्नात वापरण्याच्या दर्जाचे हवे. अरोमाथेरपीच्या बाटल्या नकोत. शंका आली तर कनौजच्या सुगंध व सुरस विकास केंद्राकडे नमुना पाठवता येतो.

सिनॅमाल्डिहाइड आणि युजेनॉल त्वचेला अ‍ॅलर्जी आणणारे आहेत. मसाला लावणाऱ्या बायकांचे हात आधीच बर्फाने आणि मिठाने फुटलेले असतात, तिथे हे झोंबते आणि एकदा अ‍ॅलर्जी बसली की जात नाही. लॅटेक्सचे हातमोजे तेलाने फुगतात, म्हणून नायट्राइलचे द्या, आणि अस्सल तेल मोजायचे काम एकाच प्रशिक्षित माणसाकडे ठेवा, खिडकीजवळ.

तेल गडद काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बाटलीत, घट्ट झाकणाने, उन्हापासून दूर ठेवा. साध्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये नको. चिलरूममध्येही ठेवू नका. ओव्याच्या तेलातला थायमॉल गारठ्यात खडे धरून खाली बसतो. वरचे पातळ तेल ओतून घेतले तर त्यात थायमॉल कमी आणि तळाशी उरलेल्या तेलात जास्त. खडे दिसले तर बाटली कोमट पाण्यात ठेवून, पूर्ण विरघळल्यावर हलवून मगच काट्यावर घ्या.